लेखाशास्त्र की करशास्त्र : पदव्युत्तर शिक्षणाविषयी वाचकांची पत्रे

लेखाशास्त्र आणि करशास्त्र या विषयांतील पदव्युत्तर शिक्षणासंबंधी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नेहमीप्रमाणे लेखकांची नावे गाळली आहेत. प्रवेशाच्या अटी, शुल्क आणि व्यवसायाचा परवाना यांचे नियम देशोदेशी वेगळे असतात व ते बदलतही राहतात. त्यासाठी संबंधित विद्यापीठाचे किंवा व्यावसायिक संस्थेचे चालू परिपत्रकच प्रमाण मानावे.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. लेखाशास्त्र आणि कर या दोन्ही विषयांत मला जवळपास सारखेच गुण पडतात. घरचे म्हणतात, कराच्या सल्लागाराला मरण नाही. आमचे सर म्हणतात, पाया लेखाशास्त्राचा, तो आधी पक्का करावा. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. निवड कशाच्या आधारे करावी?

उत्तर : गुणांच्या आधारे तरी करू नये. पदवीच्या पातळीवर दोन्ही विषय एकाच साच्यातून शिकवले जातात : नियम सांगायचा, उदाहरण सोडवायचे, उत्तर जुळले की गुण द्यायचे. पुढे मात्र दोन्ही वाटा फुटतात. व्यवसायात जे घडले ते, आत काय चालले आहे हे ज्याला दिसत नाही अशा भागधारकाला किंवा कर्ज देणाऱ्याला प्रामाणिकपणे कसे दाखवावे, हा लेखाशास्त्राचा प्रश्न आहे. जे घडले ते कायद्याच्या कोणत्या कलमात बसते आणि त्यावर किती कर लागतो, हा करशास्त्राचा. दोन्हीकडे आकडे तेच असतात, पण त्यांच्याकडे पाहणारा डोळा वेगळा असतो.

एका यंत्राचे उदाहरण घेऊ. त्याची किंमत १२ लाख आहे. कंपनीच्या अंदाजाने ते ६ वर्षे चालेल आणि शेवटी त्याचे काही उरणार नाही, म्हणून पुस्तकात दरवर्षी २ लाखांचा घसारा पडतो. करकायद्याने मात्र, असे धरू, घटत्या शिलकीवर ४० टक्के घसारा दिला आहे. म्हणजे पहिल्याच वर्षी ४ लाख ८० हजार. वर्षअखेरीस हेच यंत्र पुस्तकात १० लाखांचे आहे आणि कराच्या हिशेबात ७ लाख २० हजारांचे. फरक २ लाख ८० हजारांचा. कराचा दर २५ टक्के असेल, तर या फरकावरचे ७० हजार आज भरावे लागले नाहीत, पण ते माफही झालेले नाहीत. आयएएस १२ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक सांगते की, हे ७० हजार ताळेबंदात स्थगित करदायित्व म्हणून दाखवा. दुसऱ्या वर्षी पुस्तकी किंमत ८ लाख, कराच्या हिशेबातली ४ लाख ३२ हजार, फरक ३ लाख ६८ हजार आणि दायित्व ९२ हजार. तिसऱ्या वर्षी करातला घसारा १ लाख ७२ हजार ८०० इतकाच उरतो, तो पुस्तकातल्या २ लाखांपेक्षा कमी पडतो, आणि दायित्व वाढण्याऐवजी ८५ हजार २०० वर उतरते. पुढे ढकललेला कर हळूहळू देय होऊ लागलेला असतो.

आता हा कागद समोर ठेवून स्वतःला नेमके काय विचारावेसे वाटते ते पाहा. ६ वर्षे हा अंदाज कोणी आणि कशावरून केला, यंत्र चौथ्याच वर्षी कालबाह्य ठरले तर काय, ताळेबंद वाचणाऱ्याला या ७० हजारांतून काय कळणार, असे प्रश्न सुचत असतील तर तुमचा कल लेखाशास्त्राकडे आहे. ४० टक्क्यांच्या वर्गात हे यंत्र खरोखरच बसते का, ते विकत घेतले तो दिवस धरायचा की वापरात आणले तो, पायात काँक्रीट ओतून बसवले म्हणून त्याला इमारतीचा भाग मानता येईल का, असे प्रश्न पडत असतील तर तुम्ही कराचे विद्यार्थी आहात. पदव्युत्तर अभ्यासात आणि त्यानंतरच्या नोकरीत याच प्रकारच्या प्रश्नांत दिवस जातात.

आणखी एक कसोटी सांगतो, तिला एक सुटीचा दिवस पुरतो. सकाळी एखाद्या मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालातील वित्तीय विवरणांखालच्या टिपा वाचा. दुपारी करकायद्याचे एखादे लांब कलम पेन्सिल घेऊन वाचा : 'च्या अधीन राहून', 'असे असले तरी', 'परंतु आणखी असे की' अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढा आणि प्रत्येक परंतुक मूळ नियमातून नेमके काय काढून घेते ते समासात लिहा. दोन्ही गोष्टी सुरुवातीला कंटाळवाण्या वाटतील, त्याला इलाज नाही. दुसऱ्या दिवशी कोणता कागद पुन्हा उघडावासा वाटतो, ते महत्त्वाचे.

एवढे करूनही काटा मध्येच राहिला, तर माझे मत तुमच्या सरांच्या बाजूला आहे, पण त्यांच्या कारणासाठी नव्हे. लेखाशास्त्राकडून कराकडे वळणे तुलनेने सोपे जाते. उलट प्रवास अवघड असतो, कारण कायदा उत्तम वाचणारा पण ताळेबंदापुढे अडखळणारा माणूस वरच्याच उदाहरणातल्या ७० हजारांपाशी अडकतो. म्हणून लेखाशास्त्राची पदवी घ्यावी आणि ऐच्छिक विषय कराचे निवडावेत. कायद्याची गोडी आधीच लागली असेल, तर मात्र हा वळसा घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : एकाच विषयाच्या इतक्या पदव्या कशा? वाणिज्य निष्णात, लेखाशास्त्रातील एमएस्सी, मास्टर ऑफ अकाउंटिंग, करशास्त्रातील स्वतंत्र पदवी, करकायद्यातील एलएलएम आणि वित्त विषय घेऊन केलेले एमबीए. यांपैकी कोणती पदवी घेतली म्हणजे लेखापरीक्षक म्हणून सही करता येते?

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याविषयीच्या गैरसमजातून दोन-दोन वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. यांपैकी कोणतीही पदवी केवळ स्वतःच्या बळावर सहीचा अधिकार देत नाही. पदवी विद्यापीठ देते. परवाना व्यावसायिक संस्था किंवा शासनाने नेमलेले मंडळ देते, आणि त्यासाठी परीक्षा व प्रत्यक्ष कामाचा अनुभव हे बहुतेक ठिकाणी वेगळे द्यावे लागतात. भारतातील सीए, ब्रिटनमधील एसीए आणि एसीसीए, अमेरिकेतील सीपीए या व्यावसायिक पात्रता आहेत, विद्यापीठाच्या पदव्या नव्हेत. पदवीमुळे त्या वाटेवरचा काही भाग सुकर होऊ शकतो : एखादी संस्था ठरावीक पदवीधारकांना काही पेपरांतून सूट देते, तर एखादा परवाना ठरावीक प्रमाणात विद्यापीठीय शिक्षण मागतो. ही सूट पदवीच्या नावाला नव्हे, तर त्या विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला मिळालेली असते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी व्यावसायिक संस्थेच्याच यादीत त्या अभ्यासक्रमाचे नाव शोधावे. विद्यापीठाच्या माहितीपत्रकातील 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' या शब्दांवर विसंबू नये. मान्यता कोणी दिली हेही विचारावे. एएसीएसबी ही १९१६ साली स्थापन झालेली संस्था व्यवस्थापन शिक्षणाला मान्यता देते आणि लेखाशास्त्राच्या अभ्यासक्रमांना वेगळी, अधिकची मान्यता देते. या दोन मान्यता एक नव्हेत.

राहिला नावांचा प्रश्न. एलएलएमसाठी बहुतेक ठिकाणी कायद्याची पहिली पदवी लागते, त्यामुळे वाणिज्यच्या विद्यार्थ्याने ती वाट बहुधा सोडून द्यावी. एमबीएमध्ये लेखाशास्त्र शिकवतात ते व्यवस्थापकाला अहवाल वाचता यावा म्हणून; अहवाल तयार करणारा माणूस घडवणे हा त्याचा हेतू नसतो. उरलेल्या नावांतून मात्र काहीच कळत नाही. एकाच नावाच्या दोन पदव्यांत एकीकडे संख्याशास्त्र आणि संशोधन असते, तर दुसरीकडे निव्वळ व्यावसायिक परीक्षेची तयारी. म्हणून नाव बाजूला ठेवून विषयपत्रिका मागवावी आणि तिच्यात किती ताजेपणा आहे ते तपासावे.

तपासायचे कसे? भाडेपट्ट्याचा धडा उघडा. आयएफआरएस १६ हे भाडेपट्ट्यांचे आंतरराष्ट्रीय लेखामानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले आणि भाडेकरू कंपनीचे जवळपास सगळे भाडेपट्टे ताळेबंदात आले. अल्पमुदतीचे आणि कमी किमतीच्या वस्तूंचे तेवढे बाहेर ठेवण्याची मुभा आहे. तरीही जिथे भाडेकरूसाठी भाडेपट्ट्याचे दोन प्रकार पाडून एक प्रकार ताळेबंदाबाहेर ठेवायला शिकवतात, तिथे टिपणे जुनी आहेत. आयएफआरएस १८ हे सादरीकरणाचे नवे मानक १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू होते. नफा-तोटा पत्रकाची मांडणीच त्याने बदलते. त्याचा उल्लेखही नसेल, तर कारण विचारायला हरकत नाही. स्वतःच्या देशाची मानके वेगळी असली, तरी ती कोणत्या तारखेची शिकवतात हा प्रश्न तसाच लागू पडतो. कराच्या अभ्यासक्रमात बहुराष्ट्रीय कंपन्यांवरील किमान कराचा धडा शोधा : ७५ कोटी युरो किंवा त्याहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या गटांना प्रत्येक देशात किमान १५ टक्के कर पडावा, ही २०२१ साली ठरलेली रचना आता अनेक देशांच्या कायद्यांत उतरली आहे. तिच्याविना आंतरराष्ट्रीय कर शिकवणारा अभ्यासक्रम आजचे काम शिकवत नाही.

आणि शेवटच्या सत्रात विद्यार्थी काय लिहून देतात, हे एखाद्या माजी विद्यार्थ्याला विचारा. लघुप्रबंध, प्रकरण-अभ्यास की नुसतीच लेखी परीक्षा, यावरून पदवीचा स्वभाव कळतो.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. पहिली पदवी भाषा विषयातली. गेली नऊ वर्षे एका छोट्या संस्थेचे कार्यालय सांभाळताना हिशेबही मीच पाहते, पण रीतसर शिक्षण नाही. लेखाशास्त्रात पदव्युत्तर प्रवेश घेण्याचे हे वय आहे का? गणिताची भीती वाटते, हेही प्रामाणिकपणे सांगते.

उत्तर : वयाचा प्रश्न मी बाजूला ठेवतो, कारण तो प्रवेश समितीसुद्धा सहसा विचारत नाही. भीती गणिताची असेल तर ती चुकीच्या जागी आहे. या विषयात लागणारे गणित बहुतांशी टक्केवारी, प्रमाण आणि चक्रवाढ व्याज उलट्या बाजूने मोजून काढलेले आजचे मूल्य इतपतच असते. संशोधनाकडे झुकणाऱ्या अभ्यासक्रमात त्यात संख्याशास्त्राची भर पडते. अडचण येईल ती वेगळीकडे. नऊ वर्षे हिशेब पाहिलेल्या माणसाला नोंद कुठे टाकायची हे ठाऊक असते, पण ती तिथेच का टाकायची हे त्याला कोणी विचारलेले नसते, आणि परीक्षेत नेमके तेच विचारतात.

म्हणून प्रवेशाआधीचे तीन-चार महिने हाताने हिशेब लिहा. संगणक बंद ठेवून एका काल्पनिक व्यवसायाचे चाळीस-पन्नास व्यवहार रोजकीर्दीत लिहावेत, खतावणी करावी, तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची दोन्ही बाजू जुळवणारी यादी, काढावी, समायोजनाच्या नोंदी द्याव्यात आणि ताळेबंदापर्यंत यावे. तेरीज जुळली नाही तर फरकाच्या रकमेला दोनने भागून पाहा, एखादी रक्कम चुकीच्या बाजूला गेलेली असते. नऊने भाग जात असेल तर कुठे तरी ५४ चे ४५ झाले असण्याची शक्यता मोठी. लुका पाचोली या भिक्षूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात व्यापाऱ्यांची जी द्विनोंदी पद्धत मांडली, तिचा सांगाडा अजून तोच आहे. एकदा बोटांत बसला की पुन्हा शिकावा लागत नाही. बरीच विद्यापीठे अन्य शाखांतून आलेल्यांसाठी पूर्वतयारीचे विषय ठेवतात. त्यांचा वेळ आणि खर्च मुख्य पदवीत धरलेला आहे की वेगळा, एवढे आधी विचारून घ्या. भाषेची पदवी वाया जाणार नाही. लेखापरीक्षेचा निष्कर्ष किंवा करविषयक मत चार सरळ वाक्यांत लिहिता न येणारे पुष्कळ हुशार पदवीधर मी पाहिले आहेत.

प्रश्न : नोंदी आता संगणक करतो, विवरणपत्रही तोच भरतो. मग दोन वर्षे या पदवीवर घालवण्यात शहाणपण आहे का?

उत्तर : नोंदी करायलाच शिकायचे असेल, तर नाही. पण पुढचे उदाहरण पाहा. एखादा विक्रीमंच दुसऱ्याचा माल ग्राहकाला १,००० ला विकतो, त्यातले १०० स्वतः ठेवतो आणि ९०० विक्रेत्याला देतो. त्याचा महसूल १,००० की १००? आयएफआरएस १५ या महसुलाच्या मानकानुसार याचे उत्तर, माल ग्राहकाच्या हाती जाण्यापूर्वी त्यावर मंचाचा ताबा होता का, यावर ठरते. आणि ते ठरवायला करार वाचावा लागतो, माल परत आला तर भुर्दंड कोणाला बसतो आणि किंमत कोण ठरवतो हे पाहावे लागते. नफा दोन्हीकडे १०० च राहतो, पण उलाढाल दहापट बदलते. एकदा हे ठरले की पुढची लाखभर व्यवहारांची नोंद संगणक निमूटपणे करील, आणि ठरवताना चूक झाली असेल तर ती चूकही लाखभर वेळा तितक्याच निमूटपणे करील. ज्या अभ्यासक्रमात असे करार समोर ठेवून वाद घालायला लावतात, तिथे जावे. जिथे आज्ञावली चालवायला शिकवणे हाच अभ्यास आहे, तिथे दोन वर्षे घालवू नयेत.

प्रश्न : मी एका लेखापरीक्षण कार्यालयात नोकरी करतो आणि अर्धवेळ पदव्युत्तर पदवी घेतो आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आता चौथे वर्ष सुरू आहे. तीन विषय आणि लघुप्रबंध शिल्लक. वर्षअखेरीच्या हंगामात रात्री दहापर्यंत काम चालते आणि दर वेळी परीक्षा त्याच सुमारास येते. नोकरी सोडून एकदाचे संपवावे का?

उत्तर : नोकरी सोडण्याआधी एक कागद घ्या आणि पुढच्या अठरा महिन्यांचे तक्ते शेजारी-शेजारी काढा : एक कार्यालयातील कामाच्या ओघाचा आणि दुसरा विद्यापीठाच्या नोंदणी, परीक्षा व लघुप्रबंध सादर करण्याच्या तारखांचा. तुमच्या पत्रावरून असे दिसते की, दर सत्रात तुम्ही शक्य तितके विषय घेता आणि हंगाम आला की सगळेच सोडून देता. हंगामाच्या सत्रात एकच विषय घ्यावा, तोही तुमच्या रोजच्या कामाशी लागून असलेला. लेखापरीक्षणाचा पेपर शिल्लक असेल तर तोच. जोखमीचे मूल्यमापन, महत्त्वाची रक्कम ठरवणे, नमुना निवडणे हे तुम्ही दिवसा करताच आहात. रात्री फक्त त्याला मानकाची भाषा द्यायची आहे. निवांत सत्रात उरलेले दोन विषय घ्या. लघुप्रबंध कोणत्याही जड विषयाबरोबर घेऊ नये; तो शेवटी, एकटा.

पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत लेखी विचारून घ्या. बहुतेक विद्यापीठांत अशी मर्यादा असते आणि ती ओलांडल्यावर आधी उत्तीर्ण केलेले विषयही बाद होऊ शकतात. एखादे सत्र जमणारच नसेल, तर नुसते गैरहजर राहण्यापेक्षा रीतसर खंडाची परवानगी घ्यावी. कागदावर या दोन गोष्टींत फार फरक पडतो.

वरिष्ठांशी बोलताना 'सवलत द्या' असे मोघम मागू नका. परीक्षेच्या तारखा तीन महिने आधी द्या, त्या आठवड्यात तुमच्याकडे असलेल्या कामांची यादी द्या आणि ती कोण सांभाळेल हेही सुचवा. हे तिन्ही करून नकार मिळाला, तर नोकरी बदलण्याचा विचार योग्य ठरेल. सोडण्याचा मात्र नव्हे, कारण लेखापरीक्षणातील अनुभवात पडलेला खंड पुढे परवान्याच्या अर्जात आडवा येऊ शकतो.

प्रश्न : लघुप्रबंधासाठी मी 'कंपनी कराचा गुंतवणुकीवर होणारा परिणाम' हा विषय दिला. मार्गदर्शक मॅडमनी तो तीनदा परत केला आणि 'लहान करा' एवढेच सांगितले. लहान म्हणजे किती आणि कसा, हे कळत नाही.

उत्तर : मॅडमचे बरोबर आहे, पण 'लहान करा' हे सांगणे सोपे आणि करणे कठीण असते, हेही खरे. मी विद्यार्थी असताना बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अंतर्गत व्यवहारांच्या किमती आणि त्यावरील उपाय, असा ऐसपैस विषय घेतला होता. पाच महिन्यांत एक फळी भरेल इतके कागद जमले आणि माझे म्हणता येईल असे एक वाक्यही लिहून झाले नाही. शेवटी मार्गदर्शकांनी विचारले, "कोणत्या कंपनीचा कोणता व्यवहार?" उत्तर देता आले नाही, आणि मग काम सुरू झाले.

तुमच्या विषयात कर, कंपनी, गुंतवणूक आणि परिणाम असे चार शब्द आहेत आणि चारही मोकळे आहेत. परिणाम सिद्ध करणे सर्वांत अवघड, म्हणून तो शब्द आधी काढून टाका. त्याऐवजी हाताशी असलेल्या कागदापासून निघा. आयएएस १२ नुसार कंपनीला लेखा नफा आणि करखर्च यांच्यातील संबंध आकड्यांत समजावून सांगावा लागतो. वार्षिक अहवालातील ती टीप काढा. तिची मांडणी साधारण अशी असते : करपूर्व नफा १०० कोटी, कायद्यातील दर २५ टक्के, म्हणजे कर २५ कोटी अपेक्षित, करमुक्त उत्पन्नामुळे ३ कोटी वजा, कराला अमान्य खर्चामुळे दीड कोटी अधिक, परदेशातील कमी दरामुळे २ कोटी वजा, मागील वर्षांच्या दुरुस्तीमुळे ५० लाख अधिक, प्रत्यक्ष करखर्च २२ कोटी, म्हणजे प्रभावी करदर २२ टक्के. आता एकाच उद्योगातील, शेअर बाजारात नोंदणीकृत अशा वीस कंपन्यांच्या पाच वर्षांच्या अशा टिपा घेऊन एवढेच विचारा : कायद्याचा दर आणि प्रभावी दर यांतील अंतर ज्या ओळींमुळे पडते, त्यांपैकी कोणत्या दरवर्षी येतात आणि कोणत्या एकदाच? या प्रश्नाला उत्तर आहे, ते शंभर टिपांत आहे आणि एका सत्रात काढता येते.

शंभर टिपा एकदम उघडू नका. आधी तीन कंपन्या हाताने करा, आणि अडचणी तिथेच भेटतील. एका कंपनीचा नफा २ कोटी आणि कर ३ कोटी असेल. तिचा प्रभावी दर १५० टक्के येतो आणि तुमची सरासरी बिघडवतो. तोट्यातल्या कंपनीचा दर तर अर्थहीनच असतो. अशांना वगळायचे की वेगळ्या तक्त्यात ठेवायचे, हे आकडे पाहण्यापूर्वी ठरवून लिहून ठेवा, कारण नंतर ठरवलेले नियम निष्कर्षाकडे झुकतात. मध्येच कायद्यातील कराचा दर बदलला असेल, तर जुन्या स्थगित कराचे नव्या दराने पुन्हा मोजमाप होते आणि त्या एका वर्षी प्रभावी दर उसळी घेतो किंवा कोसळतो; त्याला कंपनीचे धोरण समजू नका. मागील वर्षाचे आकडे पुढच्या अहवालात दुरुस्त होऊन येतात, तेव्हा मूळ घ्यायचे की सुधारित, हेही एकदाच ठरवा. आज नोंदणीकृत असलेल्याच कंपन्या निवडल्या, तर मधल्या काळात बंद पडलेल्या आपोआप गळतात. ही मर्यादा पद्धतीच्या प्रकरणात स्वतःहून मांडावी, तोंडी परीक्षेत परीक्षकांनी काढण्याची वाट पाहू नये.

आणि 'इतर' या ओळीकडे लक्ष ठेवा. काही कंपन्यांच्या टिपेत सगळ्यांत मोठी रक्कम तिथेच असते. तिच्याखाली स्पष्टीकरण आहे की नाही, हा कदाचित तुमच्या लघुप्रबंधाचा सर्वांत वाचनीय भाग ठरेल. मला तरी तो वाचायला आवडेल.

लिहिताना पद्धतीचे प्रकरण पहिले लिहा, मग तक्ते, आणि पूर्वीच्या संशोधनाचा आढावा त्यांच्या जोडीने. पहिले तीन महिने फक्त आढावाच लिहीत बसणारे विद्यार्थी थकतात. कायद्याचा किंवा मानकाचा मजकूर जसाच्या तसा घेतला, तर अवतरणचिन्हे आणि परिच्छेद क्रमांक त्याच क्षणी टाका. नंतर शोधताना स्वतःचे वाक्य कोणते आणि मानकाचे कोणते हे कळेनासे होते. प्रत्येक वार्षिक अहवाल उतरवून घेतल्याच्या तारखेसह जपून ठेवा.

मॅडमकडे चौथ्यांदा जाताना विषयाचे नवे शीर्षक नेऊ नका. एकच पान न्या : वर एका वाक्यात प्रश्न, मध्ये तीन कंपन्यांचा तक्ता, आणि खाली जे आकडे सापडले नाहीत त्यांची यादी. शीर्षक त्या पानावरून त्याच सुचवतील.